बोटीवर कोणते पुस्तक न्यावे?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घरांतून एकच विषय, पोरांना न्यायचे कुठे? गावी तर जायचेच असते. पण गावी जाणे ही काही सुट्टी नव्हे. तिथे कुणाचे लग्न, कुणाचे पुण्यानुमोदन, पावसाळ्याआधी घराची डागडुजी, भावकीतली जुनी भांडणे. घरची बाई तर इथल्या शेगडीपुढून उठून तिथल्या चुलीपुढे बसते, एवढाच काय तो फरक. म्हणून अलीकडे परळ, नायगाव, लालबागकडची आपली मंडळी एक दिवस काढून बोटीने मांडव्याला जाऊन येतात, ही गोष्ट मला फार चांगली वाटते. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारी नेणारी मोठी बोट सुरू झाली. हार्बर लाईनने डॉकयार्ड रोडला उतरायचे, धक्का गाठायचा आणि तासाभरात पलीकडे. बॅलार्ड पियरहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांच्या जाहिराती आपण वर्तमानपत्रात बघतो. त्यांवर पोहण्याचे तलाव असतात, रात्री नाचगाणी असतात, आणि तिकीट काढायचे तर घरातला दागिना मोडावा लागेल. आपली क्रूझ तासाभराची. पण समुद्र तोच आणि वाराही तोच.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच कुटुंबे मिळून गेलो होतो. परतल्यावर विहारातल्या महिला मंडळाच्या एका भगिनीने मला अडवले आणि म्हणाली, "दादा, एका गोष्टीचा निकाल तुम्हीच द्या. पोरीने बोटीत पुस्तक नेले यावरून आमच्या घरात आठवडाभर अबोला आहे."

गोष्ट अशी घडली. तिची मुलगी नववी पास होऊन दहावीत गेलेली. वाचनाचा नाद मोठा. तिने वाचनालयातून एक सागरी रहस्यकथा आणली होती आणि बोटीत बसल्यापासून मांडवा येईपर्यंत तिने मान वर केली नाही. वडिलांनी दोनदा सांगितले, "पुस्तक आणायचेच होते तर अभ्यासाचे आणायचे. दहावीचे वर्ष आहे. असल्या गोष्टी वाचून कुणाचे भले झाले?" मुलगी रडवेली झाली. आईने मुलीची बाजू घेतली. पुढचे सांगायला नको.

त्या बापाला मी दोष देणार नाही. त्याचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्या घराने काय काय बघितले हे गिरणगावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. अशा घरात पुस्तक येते ते परीक्षेसाठी. फी भरायची, पुस्तक घ्यायचे, पास व्हायचे, नोकरी धरायची. पुस्तक ही शिडी आहे, आणि शिडीवर बसून कुणी शेंगा खात नाही, असा त्याचा हिशेब. तो हिशेब चुकीचा म्हणण्याची माझी छाती नाही. आपली एक अख्खी पिढी त्याच हिशेबाने वर आली.

तरीही मी मुलीच्या बाजूने निकाल दिला. का, ते या सदरातून सांगतो, म्हणजे त्या घरातही ते वाचले जाईल.

कादंबरीची गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. मुंबईहून विलायतेला निघालेल्या आगबोटीवर एक श्रीमंत व्यापारी एका रात्रीत नाहीसा होतो. कप्तानाच्या रोजनिशीतले एक पान फाडलेले. वरच्या वर्गाचे सहा प्रवासी, सहाही जणांवर संशय. एक निवृत्त पोलीस अंमलदार प्रत्येकाची उलटतपासणी घेतो. परतीच्या बोटीत मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मला एक कळत नाही. बोटीवर शेकडो माणसे आहेत. मग हा साहेब वरच्या डेकवरच्या सहा जणांनाच का विचारतो? खाली कोळसा टाकणाऱ्याने रात्री काही बघितले नसेल का? आणि पुस्तकात त्या खालच्या माणसांना नावेच नाहीत. नुसता 'सारंग', नुसता 'आगवाला'."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. दहावीच्या कुठल्या पुस्तकाने तिला हा प्रश्न विचारायला शिकवले असते?

त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी चालवायला मोठा खलाशी ताफा लागे. डेकवर रत्नागिरीकडची माणसे, त्यांच्यावर तांडेल, त्याच्यावर सारंग. खाली भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण आगवाले. जेवणघरात गोव्याचे. तांबड्या समुद्रातून उन्हाळ्यात बोट जायची तेव्हा भट्टीपुढे उभे राहणे म्हणजे जिवंतपणी जळणे. ही माणसे नसती तर एकही साहेब विलायतेहून मुंबईला पोचला नसता. पण कादंबरीत ती चहा आणतात, दोर ओढतात आणि पान उलटले की दिसेनाशी होतात. खऱ्या रहस्याचा अर्धा उलगडा त्यांच्यापाशी असतो आणि त्यांना कुणी विचारत नाही. मुलीने नेमके तिथेच बोट ठेवले.

कादंबरीच कशाला, ज्या पाण्यावरून आम्ही येत होतो त्या पाण्याची गोष्ट घ्या. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्याहून 'रामदास' ही बोट रेवसला निघाली. आषाढ संपत आलेला, अमावास्या तोंडावर, म्हणून गावी निघालेल्या चाकरमान्यांची गर्दी. काशाच्या खडकाजवळ तुफान लाटांत बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. सकाळी माणसे बुडाली आणि मुंबईला खबर कळायला दुपार उलटली. रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घालून अनेकांना वाचवले. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते, त्या धामधुमीत ही माणसे विस्मरणात गेली. अलिबाग-पेणकडच्या जुन्या घरांतून अजून 'आमचा आजा रामदासात गेला' असे सांगणारे भेटतात. (बोटीत बसल्यावर जीवरक्षक जाकिटे कुठे ठेवली आहेत ते आधी मुलांना दाखवावे. हे पुस्तकापेक्षा आधीचे काम.)

आता दुसरा आक्षेप. आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने तो घेतला. तो म्हणाला, "ठीक आहे, वाचू दे. पण समुद्र, जहाज, खून, गुप्तहेर हे सगळे साहेबांचे. आपल्या संस्कृतीत हे कुठे बसते?"

त्याला मी सुप्पारक जातक वाचायला दिले. जातककथा आपल्या विहारांतून सांगितल्या जातात त्या बहुधा ससा, माकड, हत्ती यांच्या. ही कथा कुणी सांगत नाही, आणि मला विचाराल तर मुलांसाठी हिच्याइतकी रंगतदार दुसरी सापडणार नाही.

भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच. तिथल्या नावाड्यांच्या मुखियाचा मुलगा सुप्पारक. समुद्रावर त्याच्याइतका जाणता कुणी नाही. पण खारे पाणी लागून लागून त्याचे डोळे गेले. मग तो राजाकडे पारखी म्हणून राहिला. राजासाठी हत्ती आणला की हा नुसता हात फिरवून त्याची खोड सांगे. घोडा आणला, रथ आणला, भारी कांबळे आणले, प्रत्येकातला दोष त्याने बोटांनी शोधून काढला. राजा खूष होऊन दर वेळी देणार किती, तर आठ नाणी. सुप्पारक मनात म्हणाला, हे तर न्हाव्याला द्यायचे बक्षीस, आणि नोकरी सोडून घरी आला. (मालकाची पारख कशी करावी, हेही त्याला कळत होते.)

पुढे सातशे व्यापारी त्याच्याकडे आले आणि म्हणाले, आमचे जहाज तू चालव. तो म्हणाला, मी आंधळा. ते म्हणाले, आंधळा असलास तरी तूच हवास. जहाज निघाले आणि वादळात सापडून चार महिने भरकटले. अनोळखी समुद्र लागले. व्यापारी जे दिसते ते सांगायचे आणि आंधळा सुप्पारक त्यावरून कोणता समुद्र ते ओळखायचा. वस्तऱ्यासारख्या नाकाचे मासे दिसतात? म्हणजे हा खुरमाली. पाणी आगीसारखे पेटल्यागत दिसते? अग्गिमाली. दह्यासारखे पांढरे? दधिमाली. खुरमाली समुद्रात हिरे आहेत हे त्याला ठाऊक होते. पण सांगितले तर ही माणसे हावेने जहाज भरून टाकतील आणि बुडवतील, म्हणून मासे धरायच्या निमित्ताने जाळे सोडून त्याने हिरे काढून घेतले आणि वजन राखण्यासाठी कमी मोलाचा माल पाण्यात टाकला. शेवटी जहाज अशा समुद्राशी आले की तिथून कुणी परतत नाही. तेव्हा त्याने सत्यक्रिया केली, जाणूनबुजून मी एकाही जिवाची हिंसा केलेली नाही असे उच्चारले, आणि जहाज एका दिवसात भडोचला आले. घरी आल्यावर त्याने सारे धन व्यापाऱ्यांत वाटून टाकले आणि त्यांना बजावले की आयुष्याला एवढे पुरे, पुन्हा समुद्रावर जाऊ नका.

जहाज सत्याच्या बळावर परतले हा चमत्कार आहे, आणि आपण बाबासाहेबांची लेकरे चमत्कार मानत नाही. तेवढा भाग गोष्ट म्हणून घ्यावा. पण बाकीचे बघा. खुणांवरून अनुमान काढणारा, दिसत नसून सगळ्यांपेक्षा जास्त बघणारा हा माणूस. विलायती गुप्तहेर जन्माला येण्याच्या कित्येक शतके आधी आपल्या भिक्खूंनी तो सांगून ठेवला होता. आणि जातकात नावाडी हाच नायक आहे. वरच्या डेकवरचे व्यापारी सातशे, पण नाव आहे ते जहाज हाकणाऱ्याचे!

सुप्पारक या नावाशी जुळणारे प्राचीन बंदर आपल्या दारातच आहे. शूर्पारक म्हणजे नालासोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरून काढला, सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. दादरहून विरार लोकल पकडली की झाले. कान्हेरीच्या एका लेण्यात संकटातून तारणाऱ्या अवलोकितेश्वराचे शिल्प आहे, त्यात बुडणारे जहाजही कोरलेले आहे. समुद्रावर पोट असलेले लोक त्या डोंगरातल्या भिक्खुसंघाला दान देत होते. समुद्र आपल्याला परका नव्हता.

तो परका कुणी केला, हेही सांगायला हवे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कुणाला बोलावू नये याची लांबलचक यादी आहे. तीत घराला आग लावणारा आणि विष घालणारा यांच्या पंक्तीला समुद्रप्रवास करणाराही बसवलेला आहे. विलायतेहून आलेल्या भल्याभल्यांना पुढे प्रायश्चित्ते घ्यावी लागली ती याच शिकवणीमुळे. ही यादी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचे आहे.

मुलीला मी त्या बोटीत एक खरी सागरी रहस्यकथा सांगितली. ती तिने यापूर्वी भाषणांतून ऐकली होती, पण धड ऐकली नव्हती. बाबासाहेबांच्या बुडालेल्या पुस्तकांची.

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके जमवली, सुमारे दोन हजार. १९१६ साली लंडनला निघताना ती पुस्तके हिंदुस्थानात पाठवण्यासाठी त्यांनी एका मित्राच्या हवाली केली. त्यातली काहीच त्यांच्या हाती आली. ही झाली पहिली गोष्ट. लंडनला ते वर्षभर शिकतात न शिकतात तोच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ चे साल, महायुद्ध भरात, जर्मन पाणबुड्या दिसेल ते जहाज बुडवीत होत्या. बाबासाहेबांनी आपले सामान टॉमस कुक कंपनीमार्फत एका बोटीने पाठवले. स्वतः रेल्वेने फ्रान्समधल्या मार्सेलिसला जाऊन 'कैसर-इ-हिंद' या बोटीत बसले आणि २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला सुखरूप उतरले. सामानाची बोट पाणबुडीने बुडवली. ही दुसरी गोष्ट.

आता गंमत बघा. जयंतीच्या व्यासपीठावर या दोन गोष्टींची एक होते. न्यूयॉर्कची दोन हजार पुस्तके वक्ते बिनदिक्कत लंडनच्या बोटीत चढवतात आणि समुद्रात बुडवतात. काही वक्ते तर बाबासाहेबांनाही त्याच बोटीत बसवून चमत्काराने वाचवतात. टाळ्या पडतात. पण धनंजय कीरांचे चरित्र काढून शांतपणे वाचले की दोन वर्षे, दोन शहरे, दोन खेपा वेगळ्या दिसतात. मुलीने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. कुठून निघाले, कोणत्या साली, कुणाच्या ताब्यात, काय झाले. पाच मिनिटांत तिच्या लक्षात आले की भाषणात ऐकलेली गोष्ट जुळत नाही. रहस्यकथा वाचणाऱ्या पोराला ही सवय आपोआप लागते. कोण कुठे होता, कोणत्या वेळी होता, हा म्हणतो ते त्याच्याशी जुळते का? बाबासाहेब आयुष्यभर ग्रंथांच्या ढिगात बसून हेच करत होते. अस्पृश्य मूळचे कोण, शूद्र कोण होते, असे प्रश्न घेऊन त्यांनी ग्रंथ लिहिले. जुन्या पोथ्यांची उलटतपासणी घेऊन त्यांनी आपल्याच इतिहासाचा माग काढला.

त्या बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून बाबासाहेबांना सहाशे रुपये मिळाले. त्यातला काही भाग माता रमाईंच्या हाती दिला आणि उरलेल्यातून ते बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांनी बडोदा गाठले, आणि बडोद्याने त्यांना राहायला एक खोली दिली नाही. पारशी खाणावळीतून त्यांना कसे बाहेर काढले ते सर्वांना ठाऊक आहे. बोट जर्मनांनी बुडवली, ते निदान शत्रू तरी होते!

लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. बाबासाहेबांनी ती दोरी सोडली नाही. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा बोटीवर चढले. परळच्या बी. आय. टी. चाळीत रमाई मागे राहिल्या. समुद्राने नेले ते पुन्हा जमवायला त्यांनी सुरुवात केली, आणि ते कुठे येऊन थांबले हे बघायचे असेल तर दादरच्या हिंदू कॉलनीत जा. पुस्तकांना जागा हवी म्हणून बांधलेले राजगृह तिथे उभे आहे. पुढे त्यांचे ग्रंथ १९४६ साली निघालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयालाही मिळाले. म्हणजे आपल्या पोरांच्या हाती आले.

मुलीचे वडील एवढा वेळ समोरच्या बाकावर पाठ करून बसले होते. ते वळले आणि म्हणाले, "हे कीरांचे पुस्तक आहे कुणाकडे?" मी म्हटले, सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर घ्या, नाहीतर दादरच्या वाचनालयातून आणा. ते पुढे काही बोलले नाहीत. घरी अबोला तरीही राहिलाच, हे पुढे कळले. असो.

तर निकाल असा. बोटीवर रहस्यकथा जरूर न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावी, कारण वाचनालयाचे पुस्तक भिजले तर दंड होतो. लहान मुलांना सुप्पारक वाचून दाखवावा. मोठ्यांनी कीर किंवा खैरमोड्यांच्या चरित्राचा एखादा खंड न्यावा. अभ्यासाचे पुस्तक एक दिवस घरी राहिले तर मुलगी नापास होणार नाही.

पण मुलीच्या त्या प्रश्नाने माझी झोप उडवली आहे, आणि ते काम मी वाचकांवर टाकणार आहे.

आपल्या चळवळीचीही एक बोट आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांची डोकी फोडण्यात आली आणि तळे शेणगोमूत्राने 'शुद्ध' करण्यात आले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची हाक गेली. धरमतरच्या वाटेने गेलो तर मोटारवाले अस्पृश्यांना घेतील याचा भरवसा नव्हता. म्हणून २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब दोनशेहून अधिक प्रतिनिधींना घेऊन मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. रात्र वाटेत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्रीच्या खाडीतून ते दासगाव बंदराला उतरले. तिथे तीन हजारांवर सत्याग्रही वाट बघत उभे होते. तिथून पायी पाच मैल महाड. आणि त्याच रात्री, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार, मनुस्मृती जाळण्यात आली.

मघाची ती यादी आठवा. समुद्रप्रवास करणाऱ्याला पंक्तीबाहेर बसवणारे पुस्तक जाळले कुणी, तर बोटीतून उतरलेल्या माणसांनी, उतरल्याच दिवशी.

ही माणसे कोण होती? चरित्रांतून पुढाऱ्यांची नावे येतात. बाकीचे सगळे 'दोनशेहून अधिक प्रतिनिधी' या तीन शब्दांत मावले आहेत. कुणी गिरणीत साचा चालवणारा असेल, कुणी गोदीतला हमाल, कुणी रेल्वेतला, कुणी महानगरपालिकेच्या सफाई खात्यातला. डिसेंबरच्या थंडीत डेकवर घोंगडी पांघरून बसले असतील. कुणाला बोट लागली असेल. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असून ते चढले होते, कारण मार्चमध्ये फुटलेली डोकी त्यांच्या ओळखीचीच होती. साहेबांच्या कादंबरीत खलाशाला नाव नाही म्हणून आपण नाक मुरडतो. आपल्या स्वतःच्या बोटीवरच्या दोनशे माणसांची नावे आपल्या किती घरांतून सांगता येतील?

काही घरांतून नक्की येतील. आणि हे काम आता करायला हवे, कारण बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. खोली रिकामी करताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याकडे जाते. तिच्यात आजोबांचा फोटो असतो, सभेची पावती असते, जुन्या 'बहिष्कृत भारता'चा अंक असतो. नव्या घरात नवे कपाट येते आणि ट्रंकेला जागा राहत नाही.

म्हणून ज्यांचे आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा डिसेंबर १९२७ ला बोटीने महाडला गेले होते असे घरात सांगितले जाते, त्यांनी या सदराकडे पत्र पाठवावे. पत्रात पुढील गोष्टी लिहाव्यात. माणसाचे पूर्ण नाव. मूळ गाव. मुंबईत कोणत्या चाळीत राहत, काय काम करत. ते बोटीनेच गेले होते की गावाहून पायी आले होते. ही गोष्ट घरात कुणी कुणाला सांगितली. स्त्रिया कुणी बरोबर होत्या का, हे आजीकडून मुद्दाम विचारून घ्यावे. कागद असल्यास मूळ कागद पाठवू नये, झेरॉक्स पाठवावी. ज्यांना नक्की ठाऊक नाही त्यांनी तसे स्पष्ट लिहावे. अंदाजाने नाव घालून यादी वाढवू नये, कारण व्यासपीठावर जे होते ते इथे नको.

वह्या आखण्याचे, पत्रे लावण्याचे आणि एकाची माहिती दुसऱ्याशी ताडून बघण्याचे काम त्या दहावीतल्या मुलीने अंगावर घेतले आहे. दिवसाला अर्धा तास, अभ्यास झाल्यावर, अशी वडिलांची अट आहे. पत्ता नेहमीचाच.

जयभीम.